तैनाती फौज : औरंगाबाद ते हवाना

सन १८०३ मध्यें जगाच्या दोन टोकांस दोन घटना घडल्या. ३० एप्रिलच्या तहानें फ्रान्सनें मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील लुइझियानाचा अफाट मुलूख अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांना दीड कोट डॉलरला विकला, आणि त्या तरुण लोकसत्ताक राष्ट्राचा विस्तार एका सहीसरशीं जवळ जवळ दुप्पट झाला. त्याच वर्षीं २९ ऑगस्ट रोजीं आर्थर वेलस्ली हा चौतीस वर्षांचा इंग्रज सेनापति अहमदनगरचा किल्ला घेऊन व गोदावरी उतरून औरंगाबादेस येऊन पोहोंचला. पहिला व्यवहार खरेदीखताचा होता. विकणारा, घेणारा आणि किंमत हीं तिन्ही कागदावर स्पष्ट होतीं. दुसऱ्या घटनेंत असें कांहींच नव्हतें. वेलस्लीनें औरंगाबाद जिंकून घेतलें नाहीं. तो निजामाचा दोस्त म्हणून तेथें आला होता. तो येण्यापूर्वीं शहरावर निजामाचें निशाण होतें, तो गेल्यावरहि तेंच राहिलें, आणि पुढें एकशें पंचेचाळीस वर्षें तेंच फडकत होतें. तरी पण त्या निशाणाखालच्या राज्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला गेल्या होत्या.

मुलूख न जिंकतां मुलुखावर सत्ता चालविण्याची ही रीत दख्खनमध्यें पूर्णत्वास पोहोंचली. पुढें नव्वद-पंचाण्णव वर्षांनीं अमेरिकेनें समुद्रापलीकडे पाऊल टाकलें, तेव्हां लुइझियानाच्या खरेदीखतापेक्षां औरंगाबादच्या तहाशींच अधिक जुळणारे कागद तिनें लिहिले. या दोन इतिहासांची तुलना केली असतां साम्राज्य म्हणजे काय, या प्रश्नाचें उत्तर केवळ नकाशावरील रंग पाहून देतां येत नाहीं, हें ध्यानांत येतें.

प्रथम शहराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली. १६५३ मध्यें दख्खनचा सुभेदार म्हणून पुन्हां आलेल्या औरंगजेबानें तिला आपलें नांव दिलें. आज हें शहर छत्रपती संभाजीनगर या नांवानें ओळखलें जातें; या कथेच्या काळीं कागदोपत्रीं जें नांव होतें, तेंच येथें योजिलें आहे. निजाम-उल्-मुल्क आसफजाह यानें १७२४ मध्यें साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनच्या सुभ्यावर स्वतःचा अंमल बसविला, तेव्हां त्याची मुख्य बैठक औरंगाबादेस होती. १७६३ मध्यें निजामअल्लीनें राजधानी हैदराबादेस नेईपर्यंत दख्खनच्या राजकारणाचीं सूत्रें या शहराच्या वेशींच्या आंतूनच हालत असत. म्हणूनच परक्या फौजेचा पगार आणि राज्याचा मुलूख यांची सांगड प्रथम येथेंच घातली गेली, यांत नवल नाहीं.

ती सांगड इंग्रजांनीं घातली नाहीं, फ्रेंचांनीं घातली. पहिला निजाम १७४८ मध्यें वारल्यावर त्याच्या मुलानातवांत गादीसाठीं झगडा जुंपला. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले यानें बुसी नांवाच्या हुशार सरदाराबरोबर कांहीं शें फ्रेंच शिपाई, तोफा आणि कवाइती हिंदी पलटणी देऊन त्यांस दख्खनमध्यें पाठविलें. १७५१ मध्यें बुसीनें सलाबतजंगास गादीवर बसविलें आणि त्याच्यासह तो औरंगाबादेस येऊन राहिला. फौज फ्रेंचांची, तिचा खर्च निजामाचा. परंतु खजिना रिकामा होता. पगार थकूं लागला, शिपाई कुरकुरूं लागले, आणि दरबारांतील विरोधी पक्षानें पगार थकवूनच फ्रेंचांना घालवून देण्याचा घाट घातला. बुसीनें १७५३ च्या अखेरीस औरंगाबादेस येऊन ही गांठ एका घावानें तोडली. पगाराच्या हमीसाठीं त्यानें पूर्वकिनाऱ्यावरील चार सरकार, म्हणजे चार सुपीक जिल्हे, फ्रेंचांच्या नांवें लिहून घेतले. सलाबतजंगाच्या लेखीं ती फौजेच्या पगाराची सोय होती, आणि फ्रेंचांच्या लेखीं तें राज्य होतें. पांच वर्षांनीं लॅलीनें बुसीस परत बोलाविलें, १७५९ मध्यें मच्छलीपट्टण इंग्रजांनीं घेतलें, आणि फ्रेंचांनीं कमावलेली ती जागीर कालांतरानें इंग्रजांच्या पदरांत पडली. मुलुखाबरोबर मुलूख मिळविण्याची युक्तीहि त्यांनीं उचलली.

युक्ति पक्की व्हावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं. १७९५ च्या मार्च महिन्यांत खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला. इंग्रज त्या वेळीं तटस्थ राहिले. संतापलेल्या निजामअल्लीनें रेमंड या फ्रेंच सरदाराच्या कवाइती पलटणी वाढविल्या. परंतु १७९८ मध्यें रेमंड वारला, आणि त्याच वर्षीं आर्थर वेलस्लीचा वडील बंधु लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला. १ सप्टेंबर १७९८ च्या तहानें निजामानें कंपनीच्या सहा पलटणी कायमच्या आपल्या राज्यांत ठेवून घेतल्या व त्यांच्यासाठीं वर्षाला सुमारें चोवीस लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें. पुढच्याच महिन्यांत रेमंडच्या पलटणी हैदराबादेस निःशस्त्र करण्यांत आल्या. १२ ऑक्टोबर १८०० रोजीं दुसरा तह झाला. फौज वाढली; आणि तिच्या खर्चाच्या ऐवजीं म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला बल्लारी-कडप्प्याकडील सर्व मुलूख निजामानें कंपनीस कायमचा देऊन टाकला. कंपनीच्या संमतीवांचून दुसऱ्या कोणत्याहि सत्तेशीं बोलणें करावयाचें नाहीं, हेंहि त्यानें मान्य केलें.

हीच ती तैनाती फौज. तिच्यांतील मर्म असें कीं, ती राज्याचें रक्षण खरोखरच करीत असे. निजामास मराठ्यांची भीति होती व ती खोटी नव्हती. कंपनीनें त्यास शत्रूपासून वांचविलें, आणि त्या बदल्यांत शत्रु कोण व मित्र कोण हें ठरविण्याचा त्याचा अधिकार काढून घेतला.

१८०३ च्या पावसाळ्यांत या फौजेचा मोठा उपयोग झाला. बाजीराव दुसरा यानें वसईच्या तहानें स्वतःच तैनाती फौज पत्करली होती. शिंदे व भोंसले तिच्याविरुद्ध उभे राहिले. वेलस्ली औरंगाबादेस पोहोंचला त्या वेळीं हैदराबादच्या तैनाती फौजेचा सरदार कर्नल स्टीव्हन्सन याच प्रदेशांत होता व त्यानें सप्टेंबरच्या आरंभींच जालना घेतलें. २३ सप्टेंबर रोजीं, औरंगाबादेस पोहोंचल्यापासून पंचविसाव्या दिवशीं, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबांत, भोकरदनच्या पूर्वेस असई गांवाजवळ वेलस्लीनें शिंदे-भोंसल्यांच्या प्रचंड सेनेवर हल्ला केला. त्याच्या पायदळ व घोडदळापैकीं दीड हजारांहून अधिक लोक त्या एका दुपारीं ठार वा जखमी झाले. शिंद्यांच्या तोफांनीं अखेरपर्यंत ठाव सोडला नाहीं. पुढें वॉटर्लू जिंकल्यावरहि वेलस्ली असईचीच लढाई आपली सर्वांत मोठी कामगिरी मानीत असे, असें सांगतात.

डिसेंबरांत देवगांव व सुर्जी-अंजनगांव येथें तह झाले. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड प्रांत भोंसल्यांकडून काढून निजामास देण्यांत आला. अजिंठ्याच्या डोंगराखालील शिंद्यांचीं ठाणीं, जालन्यासह, त्यालाच मिळालीं. औरंगाबादच्या दरबारी मंडळींस या सौद्यांत नफाच दिसला असल्यास त्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु जें राज्य दुसऱ्याच्या तलवारीनें वाढतें, तें त्याच्याच लेखणीनें कमीहि होऊं शकतें. तोच वऱ्हाड प्रांत पन्नास वर्षांच्या आंत निजामाच्या हातून निसटला.

तो निसटला याचें कारण दुसरी एक फौज. तैनाती फौजेचा खर्च तर मुलूख देऊन कायमचा भागविला होता. परंतु १८०० च्या तहांत, युद्धप्रसंगीं निजामानें स्वतःचें सहा हजार पायदळ व नऊ हजार स्वार मदतीस द्यावे असें एक कलम होतें. निजामाचे स्वार कवाइती नाहींत, या सबबीवर रेसिडेंट हेन्री रसेल यानें त्यांतून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं निराळ्या पलटणी उभारविल्या. त्यांना प्रथम ‘रसेल ब्रिगेड’ व पुढें ‘हैदराबाद कंटिंजंट’ असें म्हणूं लागले. युद्धप्रसंगींची मदत शांततेच्या काळींहि कायम झाली. कागदावर ही फौज निजामाची. तिच्यांतील इंग्रज अधिकाऱ्यांचे भारी पगार निजामाच्या खजिन्यांतून. हुकूम मात्र रेसिडेंटचा. तिचा वार्षिक खर्च कालांतरानें चाळीस लाखांच्या घरांत गेला. औरंगाबादची छावणी ही या कंटिंजंटची, आणि जालन्याची छावणी कंपनीच्या तैनाती फौजेची. अशीं दोन परकीं लष्करी ठाणीं चाळीस मैलांच्या टापूंत बसलीं. १८१९ मध्यें अजिंठ्याच्या दरींत शिकारीस गेलेल्या जॉन स्मिथ या ज्या तरुण अधिकाऱ्यास झाडींत दडलेलीं लेणीं दृष्टीस पडलीं, तो मद्रासच्या अठ्ठाविसाव्या घोडदळाचा होता. मद्रासचें घोडदळ अजिंठ्याजवळ कसें, या प्रश्नाचें उत्तर या फौजांच्या इतिहासांत आहे.

एवढा खर्च राज्यास पेलेना. तेव्हां दिवाण चंदुलाल सावकारांकडे वळला. त्यांतील सर्वांत मोठी पेढी हैदराबादेंतील विल्यम पामर आणि कंपनी ही. इंग्रज प्रजाजनांनीं हिंदी राजांस कर्ज देऊं नये, असा पार्लमेंटचा कायदा होता. परंतु १८१६ मध्यें गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यानें या पेढीस त्यांतून सूट दिली. पेढीचा एक भागीदार हेस्टिंग्जच्या पालित कन्येचा पति होता. व्याज शेंकडा पंचविसांच्या आसपास. म्हणजे इंग्रज रेसिडेंटनें वाढविलेल्या फौजेचा पगार देण्यासाठीं इंग्रज गव्हर्नर जनरलनें परवाना दिलेल्या पेढीकडून निजामानें कर्ज काढावयाचें, असें हें चक्र होतें. १८२० मध्यें रेसिडेंट होऊन आलेल्या चार्ल्स मेटकाफ यानें हें प्रकरण निर्भयपणें उघडकीस आणलें. त्याबद्दल त्यास वरिष्ठांचा रोष सोसावा लागला. शेवटीं पेढी बुडाली. पण तत्पूर्वीं तिचें देणें भागविण्यासाठीं उत्तर सरकारांबद्दल कंपनी निजामास जे सात लाख रुपये दरसाल देत असे, तें देणें एकरकमी हिशेब करून कायमचें मिटविण्यांत आलें.

या जमाखर्चाच्या तळाशीं औरंगाबाद, पैठण, बीड, परभणीकडील शेतकरी होता. दिवाण महसूल मक्त्यानें देई. मक्तेदार सावकारास अगोदर रक्कम भरी व ती रयतेकडून दामदुपटीनें वसूल करी. वसुलीसाठीं अरब व रोहिले शिपाई ठेवले जात. वर्षाच्या मध्यें अधिक बोली करणारा दुसरा मक्तेदार उभा राहिला कीं पहिल्याचा मक्ता जाई व शेतकऱ्यास दोनदां सारा भरावा लागे. पूर्वीं अशा जुलुमाविरुद्ध रयत उठे, जमीनदार बंड करीत, आणि राज्यकर्त्यास कांहीं तरी धाक राही. आतां बंड झालें कीं कंटिंजंट धांवून येई. परक्या फौजेच्या आश्रयानें राजा शत्रूपासून निर्भय झाला, तसा तो स्वतःच्या प्रजेपासूनहि निर्भय झाला. तैनाती पद्धतीचा सर्वांत खोल घाव हाच होय.

१८५३ मध्यें हिशेबाचा दिवस आला. कंटिंजंटच्या पगारापोटीं कंपनीनें उचल म्हणून दिलेली रक्कम चाळीस लाखांच्या वर गेली होती. लॉर्ड डलहौसीनें ती मागितली, आणि पुढील पगाराच्या हमीसाठीं मुलूख मागितला. निजाम नासिरुद्दौला यानें अनेक दिवस नकार दिला. फौज पाठविण्याची धमकीहि त्याच्या दिवाणाच्या कानांवर घालण्यांत आली. अखेर २१ मे १८५३ रोजीं तह झाला. वऱ्हाड, धाराशीव आणि रायचूरचा दुआब हे प्रांत कंपनीच्या कारभाराखालीं गेले; पांच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व चार तोफखाने यांची कंटिंजंट कायम झाली. सही झाल्यावर आठवड्याच्या आंत दिवाण सिराज-उल्-मुल्क वारला, आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांतील अबकारीचें जें उत्पन्न कंपनी चाळीस वर्षें घेत आली होती तें जमेस धरलें, तर निजामाकडे कांहीं बाकीच उरत नाहीं, असा दावा निजामाच्या बाजूनें मांडला गेला. पुढें १८६० मध्यें रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यानेंहि निजामावरील मागणी न्याय्य नव्हती असें आपल्या लिखाणांत मान्य केलें.

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर डोळा ठेवण्यास आणखी एक कारण होतें, आणि तेथेंच अमेरिका या कथेंत प्रथम शिरते. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील गुलामांनीं पिकविलेल्या कापसावर चालत. १८६१ मध्यें तेथें यादवी युद्ध पेटलें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, आणि मुंबईच्या बाजारांत कापसाचे भाव कडाडले. खामगांव, अकोला, अमरावती हीं नांवें लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या तोंडीं बसलीं. १८६५ मध्यें युद्ध संपलें, भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या धडाधड बुडाल्या. परंतु वऱ्हाड कायमचा कापूसप्रांत झाला. फौजेच्या पगाराचें तारण म्हणून घेतलेला प्रांत आतां सोडणें इंग्रजांस परवडण्यासारखें राहिलें नाहीं. १८६० च्या तहानें धाराशीव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाला नाहीं.

फौज कोणाची, हा प्रश्न दरबारानें कागदावर विचारला. औरंगाबादच्या छावणींतील स्वारांनीं तो उघड विचारला. १८५७ च्या जून महिन्यांत कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळांत अशी वार्ता पसरली कीं, आपणांस निजामाच्या हद्दीबाहेर, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार आहेत. आपण निजामाचे नोकर आहों, असा त्यांचा समज होता. ज्या फौजेला अर्धशतक निजामाची फौज म्हणून पोसलें गेलें, तिच्यांतील साध्या स्वारानें ते शब्द खरे मानले, एवढाच त्याचा अपराध. पुण्याहून जनरल वुडबर्न यांची फौज आली आणि बंड मोडलें गेलें. कांहींस फांशी झाली, कांहींस गोळ्या घातल्या, कांहींस तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. शहरांतील काळा चबुतरा या देहदंडांची जागा म्हणून स्थानिक स्मृतींत राहिला, आणि त्या भागास आज क्रांति चौक म्हणतात. पुढच्या वर्षीं याच कंटिंजंटच्या इतर तुकड्या सर ह्यू रोज याच्याबरोबर मध्य हिंदुस्थानांत लढल्या. प्रश्नाचें उत्तर मिळालें होतें.

सालारजंगानें तीस वर्षें कारभार केला, मक्तेदारी मोडली, जिल्हे बसविले, आणि वऱ्हाड परत मिळविण्याचा ध्यास कधींच सोडला नाहीं. पगाराची हमी म्हणून मुलुखाऐवजीं रोख रक्कम ठेवण्याची तयारी त्यानें दाखविली. १८७६ मध्यें तो विलायतेसहि जाऊन आला. १८८३ मध्यें तो निराश होऊन वारला. १९०२ मध्यें लॉर्ड कर्झननें वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेतला. पुढच्याच वर्षीं कंटिंजंट हिंदुस्थान सरकारच्या सैन्यांत विलीन झाली. ज्या फौजेच्या पगारासाठीं प्रांत घेतला, ती फौज गेली, प्रांत राहिला.

त्याच १९०२ सालच्या २० मे रोजीं, जगाच्या दुसऱ्या टोकास, हवाना शहरांत अमेरिकन निशाण खालीं उतरून क्यूबाचें निशाण चढलें. १८९८ च्या एप्रिलमध्यें स्पेनशीं युद्ध पुकारतांना अमेरिकन काँग्रेसनें, क्यूबावर सत्ता गाजविण्याचा आपला हेतु नाहीं, असा ठराव केला होता. शब्द पाळला गेला. फक्त जाण्यापूर्वीं क्यूबाच्या राज्यघटनेंत ‘प्लॅट दुरुस्ति’ म्हणून ओळखलीं जाणारीं कलमें घालण्याची अट घातली गेली. परक्या सत्तेशीं स्वातंत्र्यास बाधक तह करावयाचा नाहीं; आवांक्याबाहेर कर्ज काढावयाचें नाहीं; शांतता राखण्यासाठीं अमेरिकेस हस्तक्षेपाचा हक्क राहील; आरमारी तळासाठीं जागा द्यावयाची. क्यूबाच्या घटनासमितीनें प्रथम विरोध केला. पण ही कलमें घेतल्यावांचून फौज हालणार नाहीं हें स्पष्ट झाल्यावर १९०१ च्या जूनमध्यें तीं सोळा विरुद्ध अकरा मतांनीं स्वीकारलीं. निजामअल्लीच्या १८०० च्या तहाचीं कलमें शेजारीं ठेवून हीं वाचलीं, तर भाषा बदललेली दिसते. आशय ओळखीचा वाटतो.

असें एकच उदाहरण असतें, तर योगायोग म्हणतां आलें असतें. परंतु १८२३ मध्यें अध्यक्ष मन्रो यांनीं युरोपीय सत्तांनीं अमेरिका खंडांत नव्या वसाहती करूं नयेत असें बजावलें, आणि १९०४ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्यांतून अमेरिकेनेंच शेजाऱ्यांची व्यवस्था पाहण्याचा हक्क काढला. १९०५ पासून डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या जकातीची वसुली अमेरिकनांच्या हातीं गेली. शंभरांतील पंचावन्न डॉलर सावकारांना व पंचेचाळीस देशाच्या सरकारला, अशी वांटणी ठरली. हैतीमध्यें १९१५ च्या जुलैंत अमेरिकन नौसैनिक उतरले. त्यापूर्वींच, १९१४ च्या डिसेंबरांत, तेथील राष्ट्रीय बँकेंतील पांच लाख डॉलरचें सोनें न्यूयॉर्कला नेण्यांत आलें होतें. मग तह झाला. देशाचें सशस्त्र दल नव्यानें उभारलें गेलें, त्याचा खर्च हैतीनें द्यावयाचा, आणि अधिकारी मात्र अमेरिकन नौसैनिक. नांव ‘हैतीचें पोलीस दल’. औरंगाबादच्या छावणींतील एखाद्या जुन्या रिसालदारास हें दल पाहून कंटिंजंटचीच आठवण झाली असती. अमेरिकन फौज १९३४ मध्यें परत गेली. अर्थव्यवहारावरील देखरेख १९४७ पर्यंत टिकली.

या दोन सत्तांत भेद आहेत, व ते लहान नाहींत. कंपनीचें राज्य व्यापाऱ्यांच्या मंडळाचें होतें. अमेरिका ही स्वतः एका साम्राज्याविरुद्ध बंड करून जन्मलेली लोकसत्ता. त्यामुळें तेथें साम्राज्य हा घरांतला वाद झाला. फिलिपाइन बेटें दोन कोट डॉलर देऊन स्पेनकडून घेण्याचा तह सिनेटमध्यें १८९९ च्या फेब्रुवारींत सत्तावन विरुद्ध सत्तावीस मतांनीं, म्हणजे केवळ एका मताच्या जादा आधिक्यानें, संमत झाला. बॉस्टन येथें १८९८ मध्यें साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला होता. लेखक मार्क ट्वेन व धनाढ्य अँड्रयू कार्नेगी हे त्यांत होते. तथापि त्यामुळें फिलिपाइन लोकांवरील युद्ध थांबलें नाहीं, आणि त्यांत व त्यामुळें आलेल्या दुष्काळरोगराईंत दोन लाखांपर्यंत नागरिक मेले असा अंदाज आहे. हैतीचें दल उभारणारा स्मेडली बटलर यानें निवृत्तीनंतर, १९३५ मध्यें, युद्ध हा नफेबाजीचा धंदा आहे असें सांगणारी पुस्तिका लिहिली. मेटकाफप्रमाणें त्यालाहि सत्य आंतून दिसलें होतें. साम्राज्याचे हिशेब तपासणारे सज्जन साम्राज्यांतच निपजतात. परंतु त्यांच्या साक्षीनें इतिहासकारांची सोय होते. गेलेला प्रांत त्या साक्षीनें परत येत नाहीं.

दुसराहि एक भेद सांगितला पाहिजे. क्यूबाच्या घटनासमितींतील अकरा जणांनीं लोकांचे प्रतिनिधि म्हणून विरोध केला, आणि प्लॅट दुरुस्ति १९३४ मध्यें रद्द झाली. फिलिपाइन बेटें ४ जुलै १९४६ रोजीं स्वतंत्र झालीं. तेथील अमेरिकन तळांच्या नव्या कराराला त्यांच्याच सिनेटनें १९९१ मध्यें नकार दिला. पनामाचा कालवा १९९९ च्या अखेरच्या दिवशीं पनामाच्या ताब्यांत गेला. मागण्यास लोक उभे होते, म्हणून हें घडलें. निजामाचा दरबार मात्र शंभर वर्षें वऱ्हाड मागत राहिला तो वंशाचा वारसा म्हणून. वऱ्हाडच्या वा मराठवाड्याच्या रयतेस कोणीं कांहीं विचारलें नाहीं. १९२६ मध्यें लॉर्ड रीडिंगनें निजामास लिहिलें कीं, ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ असून तिच्याशीं कोणताहि संस्थानिक बरोबरीच्या नात्यानें वाटाघाट करूं शकत नाहीं. तेव्हां १८०० च्या तहांतील मैत्रीचे शब्द किती पोकळ होते तें उघड झालें. मराठवाड्यांतील लोकांनीं स्वतः लढा उभारला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें. तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो.

क्यूबांतील ग्वांतानामोचा तळ मात्र १९०३ च्या करारानें अमेरिकेकडे गेला तो अजून तिच्याकडेच आहे. त्याचें भाडें क्यूबाच्या क्रांतीनंतरच्या सरकारानें स्वीकारण्याचें नाकारलें, तरी भाडेपट्टा चालूच आहे. करारांत, दोघांनीं मिळून ठरविल्याखेरीज तो संपावयाचा नाहीं, असें ठरलेलें असल्यानें एकाच्या नकारानें तो संपत नाहीं. वऱ्हाडच्या कायम पट्ट्याचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्यास या कलमाचें आश्चर्य वाटूं नये.

कोणतेंहि राष्ट्र स्वतंत्र आहे किंवा नाहीं, हें त्याच्या निशाणावरून, नाण्यावरून वा दरबारी पदव्यांवरून ओळखतां येत नाहीं. त्याच्या खजिन्यांतून पगार घेणारी फौज कोणाचा हुकूम मानते, त्याच्या कर्जाचा हिशेब कोण लिहितो, आणि शेजाऱ्याशीं बोलण्यापूर्वीं त्यास कोणाची परवानगी लागते, हें पाहावें लागतें. औरंगाबादनें या प्रश्नांचीं उत्तरें दीडशें वर्षें मोजून दिलीं. शहराच्या पश्चिमेस छावणी हें नांव अद्याप चालू आहे. तेथें आज स्वतंत्र भारताची फौज राहते, आणि तिचा हुकूम व तिचा पगार या दोन्ही गोष्टी आतां एकाच ठिकाणाहून येतात.